मोसंबी सोलून होईपर्यंत

आमच्या वेबसाइटचा वेग अप्पा मोसंबीवर मोजायचे. मी पत्ता टाइप करून बटण दाबलं की इकडे अप्पांचा अंगठा सालीत घुसायचा. साल निघायच्या आत पान उघडलं तर 'राइट टाइम'. फोडी खायला सुरुवात झाली तर 'लेट'. आणि मोसंबी संपली तरी पडद्यावर साइटच्या चित्रातला रक्ताचा थेंब अर्धाच उतरलेला असला, तर बिया कागदात बांधत अप्पा म्हणायचे, "ब्रेकडाऊन. कळवा औरंगाबादला." हंगाम नसला की भुईमुगाच्या शेंगा यायच्या, पण शेंगांनी टाइम बराबर कळत नाही, अशी त्यांचीच तक्रार असायची. सोसायचं मी. कीबोर्ड माझ्या ताब्यात होता, त्यामुळे त्यातल्या मुंग्याही माझ्याच.

आमच्या संस्थेचं ऑफिस भोकरदनला एका खताच्या दुकानावर. क्लार्क मी, टायपिस्ट मी, माठ भरणारी मी. संस्थेनं रक्तदात्यांची वेबसाइट काढली होती. तालुका निवडा, रक्तगट निवडा, नावं आणि फोन नंबर समोर येतात, एवढंच तिचं काम. ती बांधून देणारा इंजिनिअर औरंगाबादचा. त्यानं सांगितलं, साइट चालू आहे का ते तुमच्यापैकी कुणीतरी रोज बघत जा. मीटिंगमध्ये सगळे एकदम आपापल्या चपला बघायला लागले. हात वर केला तो एकट्या अप्पांनी.

अप्पा एसटीत कंट्रोलर होते. उभी हयात स्टँडवरच्या खिडकीत माइकसमोर गेली. रिटायर झाले, पण खिडकी काही त्यांच्यातून निघाली नाही. जालन्याची प्रत्येक गाडी सुटली की ते आमचा जिना चढायचे आणि दारातूनच विचारायचे, "लागली का?" मी टेबलावर पत्रांचा ढीग घेऊन बसलेली, मोडेम किरकिर करतंय, खालून खताचा वास येतोय, आणि हे खुर्ची ओढून मोसंबी काढतायत. पान उघडलं की नाकातून घोषणा व्हायची, "भोकरदनहून सुटणारी वेबसाइट फलाट क्रमांक एकवर उभी आहे." खाली युरिया घ्यायला आलेली माणसं माना वर करून बघायची. मला जमिनीत जावंसं वाटायचं.

लाइट गेली की मग तर विचारूच नका. आमच्याकडे लाइट जाणं म्हणजे रोजचंच. अप्पा लगेच इंजिनिअरला फोन लावायला लावायचे आणि साइट बंद पडल्याची वर्दी द्यायचे. तो बिचारा समजावून सांगायचा की काका, लाइट तुमच्या गावात गेलीय, साइट चालू आहे, साऱ्या जगाला दिसतेय. अप्पा शांतपणे म्हणायचे, "जगाला दिसून राह्यली असंल. भोकरदनच्या पॅसेंजरला दिसती का? न्हाई ना? मंग लिहा, बंद." पुढं पुढं त्यानं आमचा फोन उचलणंच सोडलं. मी त्याच्या जागी असते तर नंबर बदलला असता.

साइटच्या तळाशी एक आकडा होता. कुणी साइट उघडली की तो एकानं वाढायचा. वर्षाच्या मीटिंगला अध्यक्षांनी तो आकडा छाती फुगवून वाचला आणि टाळ्या घेतल्या. मग कुणीतरी विचारलं, एवढी माणसं येतात कुठून? अध्यक्षांनी तिथंच स्वतःच्या फोनवरून इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, जवळजवळ सगळ्या भेटी एकाच कॉम्प्युटरवरून आहेत, तुमच्या ऑफिसच्या.

म्हणजे साइट बघायला येणारे अप्पा, आणि ती कुणी बघतं म्हणून आनंदणारे आम्ही. अप्पा नेमके त्या दिवशी गुडघा धरल्यानं आले नव्हते. साइट महिनाअखेरीस बंद करायची, असं ठरलं. आणि अप्पांना सांगायचं कुणी? सगळे परत चपला बघायला लागले. सांगायचं मी, दुसरं कोण.

स्टँडच्या मागं दोन खोल्यांचं त्यांचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. मी पहिल्यांदाच आत गेले. खोलीत खुर्ची एकच, आणि तिच्या हाताशी स्टुलावर फोन. फोनवर विणलेला रुमाल, रुमालावर धुळीचा कण नाही. गुडघ्याला पट्टा बांधून अप्पा त्या खुर्चीत बसले होते.

मी आडवळण न घेता सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "मला ठावं होतं, ताई. काल आकडा बघून गेल्तो, आज आलो की त्याच्यात एकाचीच भर. तो एक म्हंजी मीच."

"मग एवढे जिने कशाला चढलात?"

त्यांनी फोनकडं बोट केलं. "त्या साइटवर माझा नंबर हाय ना. साइट चालू असली की वाटतं, घंटी वाजंल. पोराचा फोन सणावाराला येतो. बाकी कोण करणार? रिकामं घर खायला उठतं बघा."

पासष्टी उलटलेल्यांचं रक्त घेत नाहीत, म्हणून यादीतलं त्यांचं नाव काढायचं मी कितीदा बोलले होते. दर वेळी त्यांनी मोसंबी पुढं करून विषय बदलला होता.

"वाजली का कधी?" मी विचारलं.

"एकदा."

हसनाबादच्या एका माणसाचा फोन आला होता. बायको बाळंतपणाला जालन्यात, रक्त पाहिजे, आणि यादीतले बाकीचे फोन लागेनात. अप्पांचं वय झालेलं. त्यांनी त्याला फोनवर धरून ठेवलं, गट विचारून घेतला आणि थेट स्टँड गाठलं. नव्या कंट्रोलरच्या हातातला माइक काढून घेऊन घोषणा केली, या गटाचं कुणी असंल तर जालन्याच्या गाडीत बसावं. एक कंडक्टर बसला आणि एक मोसंबीवाला, टोपली स्टँडवरच सोडून. बाई वाचली. टोपलीतली मोसंबी लोकांनी पळवली होती, म्हणून तेव्हापासून अप्पा रोज त्याच्याकडूनच घेत होते.

हे आम्हाला कधी का नाही सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाले, "गाडीनं पॅसेंजर पोचवला, ह्यात सांगायचं काय?"

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना हे सगळं ऐकवलं. ते छताचा पंखा बघत म्हणाले, "बघू." आमच्याकडं 'बघू' म्हटलेली गोष्ट ना होते ना मोडते. साइट चालू राहिली.

अप्पांचा गुडघा मात्र गेलाच. जिना सुटला. आता साइट मीच बघते. अप्पांचं नाव अजून आहे तिथं, मला काढायला सवड झालेली नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पान उघडलं की मी त्यांना फोन लावते. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत ते उचलतात, आणि रोज, अगदी रोज, हॅलोच्या आधी विचारतात, "कोणता गट पायजे?"

"कोणताच नाही, अप्पा. मी आहे."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.

"बरं. मंग तू बोल."