आजींची लेखी इच्छा

आमच्या वृद्धसेवा केंद्रात माणूस केंद्रस्थानी असतो. तसा ठरावच आहे आणि त्यावर समन्वयक म्हणून माझी सही आहे. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी आम्ही त्याची आवड विचारतो आणि ती शेवटपर्यंत पाळतो.

शिवणकाम करून चार पोरं वाढवलेल्या एक आजी सहा तासांचा प्रवास करून दाखल झाल्या. "दुपारी काय करायला आवडतं?" मी विचारलं.

"आत्ता जरा पडते," आजी म्हणाल्या.

मी लिहिलं : पडून राहणे.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आजी चपला शोधू लागल्या, तेव्हा परिचारिकेने त्यांना अदबीने झोपवलं.

"अगं, फाटकापर्यंत चालून येते. पाय आखडलेत."

"आजी, तुमच्या इच्छेविरुद्ध आम्ही काही करत नाही."

"मग ही कोणाची इच्छा?"

"तुमचीच. लेखी आहे."

दोन महिन्यांत आजींना उभं राहायला भिंतीचा आधार लागू लागला. मला काळजी वाटली. इच्छेचं पालन कुठेतरी कमी पडत असणार, म्हणून गादी अधिक मऊ केली आणि चपला कपाटात ठेवून कुलूप लावलं. इच्छाबदलाचा अर्ज होताच, पण तो अर्जदाराने दुपारी दोन ते चार या वेळेत स्वतः दुसऱ्या मजल्यावर आणून द्यायचा असतो. त्या वेळेत आजी पडून असतात. आता याला कोण काय करणार?

आम्ही कुटुंबालाही मानतो, म्हणून थोरल्या मुलाला बोलावलं.

"आईला दगदग आवडतच नाही," तो मला म्हणाला. "लहानपणापासून बघतोय मी. तिला काय विचारायचं त्यात?"

"तू लहान होतास तेव्हा मी रोज आठ झबली शिवत होते रे," आजी पलंगावरून म्हणाल्या.

मुलाने मायेने त्यांच्या अंगावर चादर ओढली. मी लिहिलं : कुटुंब सहमत.

पुढच्या सोमवारी दुपारी तीन वाजता आजी माझ्या टेबलासमोर उभ्या. अनवाणी, घामाघूम, हातात अर्ज. कठडा धरत दोन जिने चढून आल्या होत्या.

"आजी, ही तुमची पडून राहायची वेळ. नियम मोडून आणलेला अर्ज मला घेता येत नाही."

"नियम मोडलाच आहे का?"

"मोडलाय."

"मग फाटकापर्यंत जाऊन येते. तेवढ्याने काही जास्त मोडणार नाही."

आणि गेल्या. मी खिडकीतून पाहत होतो. फाटकाला हात लावून आजी वळल्या आणि एकट्याच हसल्या. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. डोळे पुसून मी ताबडतोब नवी नोंद केली : फाटकापर्यंत चालणे, रोज, दुपारी तीन. आता पाऊस असो, ताप असो, परिचारिका त्यांना बरोबर तीनला उठवते. परवा आजी म्हणाल्या, "आज जरा पडू दे गं." ऐकतो कोण? इच्छा म्हणजे इच्छा.

तुम्ही हसताय, हसा. तुमच्या आईला काय आवडतं, हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे. आम्ही निदान एकदा विचारलं होतं.