फुलपाखरू माशाचं माहेर

"मासा पाळणं म्हणजे नव्वद टक्के अभ्यास," असं दर्यावर्दीने घरात जाहीर केलं, तेव्हा उरलेले दहा टक्के काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. दर्यावर्दी हे नाव दादाने ठेवलेलं. धाकट्या भावाने समुद्र पाहिला होता तो फक्त कॅलेंडरवर, पण हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी अशी मांडली की बिचारा सोफा पॅसेजमध्ये राहायला गेला.

आणि एकदाचा फुलपाखरू मासा आला. अंगावर नारिंगी पट्टे, चिमट्यासारखं लांब तोंड. आला तो थेट कोपऱ्यात जाऊन रुसून बसला. खाईना.

दर्यावर्दीने कोळंबी दिली, बारीक चिरून दिली, शिंपला उघडून पुढे ठेवला. दादा पथ्याच्या ताटाकडे बघतो, तसा मासा त्या खाण्याकडे बघायचा. मग कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं, त्याला शांतता हवी. झालं! टीव्ही बंद, मिक्सर बंद, दादाला शिंक आली तर जिन्यात. रोज संध्याकाळी सगळं घर श्वास रोखून काचेपुढे, हा खातोय का बघायला. मासा कागदासारखा पातळ झाला. दुकानदार फोनवर म्हणाला, ही जात अशीच, आता थोड्या दिवसांचा पाहुणा समजा. त्या दिवसापासून दर्यावर्दीच्याही घशाखाली घास उतरेना.

एका दुपारी तो ऑफिसातून लवकर आला, तर टाकीत दगड! टाकीसाठी समुद्रातून आलेला तोच दगड! त्यावर तपकिरी झुबक्यांसारखे बारके समुद्री जीव चिकटलेले. एकदा टाकीत शिरले की तणासारखे माजतात, म्हणून त्याने तो कधीच वहिनीला फेकायला दिला होता. पण वहिनी तुटक्या छत्रीचा दांडाही फेकत नाही. तिने दगड त्याच्याच खाऱ्या पाण्यात बाल्कनीतल्या बादलीत ठेवला, पाणी आटलं की तांब्याभर साधं घालत राहिली.

"वहिनी, हे काय केलंत? आता टाकीचं रान होणार!" म्हणत त्याने शर्टासकट हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला.

वहिनीने त्याची कॉलर धरली. "भावजी, मी या घरात आले तेव्हा तुम्ही सगळे असेच माझ्या ताटाकडे टक लावून बसायचात. घास उतरेल का माणसाचा? माहेरची उशी आणली, तेव्हा कुठे जेवायला लागले. म्हटलं, यालाही त्याच्या समुद्रातलं काहीतरी असू दे. आता तिकडे तोंड फिरवा."

त्याने तोंड फिरवलं, पण एक डोळा मागेच राहिला. मासा कोपऱ्यातून निघाला, दगडाभोवती फिरला, आणि चिमटा मारून एक झुबका गट्ट! मग दुसरा. दर्यावर्दीच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी. तेही खारंच, टाकीत पडलं तरी चालण्यासारखं. भिजल्या बाहीनिशी तो वहिनीच्या पाया पडला. वहिनी म्हणाली, आधी फरशी पुसा.

दुकानदार हे ऐकून पोट धरून हसला. लोक हे तण संपवायलाच हा मासा नेतात म्हणे! अभ्यासातलं तेवढंच पान नेमकं राहिलं होतं.

आता मासा गलेलठ्ठ आहे, शिंपलाही खातो, पण आवड झुबक्यांचीच. म्हणून दर्यावर्दी बाल्कनीत बादल्या मांडून तेच तण जिवापाड जपतो, आणि दादा आंघोळीला पातेलं घेऊन जातो. परवा पाहुण्यांनी कौतुक केलं, तेव्हा दर्यावर्दी म्हणाला, मासा पाळणं म्हणजे दहा टक्के अभ्यास.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं आमच्या वहिनी टाकून देत नाहीत."