भिवाकाकांचा डावा कौल

भिवाकाका छत्री घेतानासुद्धा देवाचा कौल लावत. तारकर्लीतले हे आमचे शेजारी. देवळात गुरवाला गाठायचं, पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायला लावायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकदा डावी पडली म्हणून घराची कौलं वर्षभर बदलली नाहीत. पावसात आम्ही त्यांना बादल्या पुरवल्या. "चुकलां तर?" हे त्यांचं पालुपद.

मी तेव्हा मालवणात कॉम्प्युटर क्लास चालवायचो. चतुर्थीला आठ दिवस असताना काका घामाघूम होऊन आले. पुण्याच्या त्यांच्या मुलाने, सुधीरने, भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम जावा भाषेत लिहून पाठवला होता. काकांना त्या वेळा पन्नास वर्षं तोंडपाठ! पण झिलाने, म्हणजे लेकाने, पाठवलाय म्हटल्यावर तो घरच्या कॉम्प्युटरवर चालायलाच हवा. त्यातून सुधीर गेल्या चतुर्थीला काम अडलंय म्हणून दोन दिवसांत पुण्याला परतला होता. काकांनी त्याचा भारी घोर लावून घेतला होता.

"काका, चालवायला नुसतं रनटाइम पुरे," मी म्हटलं. "प्रोग्राम लिहिणाऱ्याला डेव्हलपमेंट किट लागतं. ते मोठं, उतरवायला अख्खा दिवस जाईल. जेवायला पान मांडतात, सगळं स्वयंपाकघर उचलून आणत नाहीत."

"चुकलां तर? थांब, कौल घेतंय."

दुसऱ्या दिवशी मीही देवळात गेलो. काकांनी विचारलं, "मोठां घेव काय?" डावी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. तिसऱ्यांदाही डावीच. गुरव वैतागला, "काका, देवाक कितीदा इचारतलास?"

चला, सुटलो, असं मला वाटलं. पायऱ्या उतरताना काका माझ्याकडे वळले.

"मास्तरा, मोठांच उतरव."

मी बघतच राहिलो. छत्रीसाठी देवाचं ऐकणारा माणूस!

सकाळी क्लासवर डाउनलोड लावलं. आतल्या खोलीतला फोन कुणी उचलला की इंटरनेटची लाइन तुटायची, म्हणून काका रिसीव्हरवर हात ठेवून राखणीला बसले. जेवायलाही उठले नाहीत. तरी दुपारी लाइन तुटलीच. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझं डोकं फिरलं.

"काका, या वयात तुम्ही काय प्रोग्राम लिहिणार आहात?"

"मी खंय लिवतंय, रे?" ते खाली बघत म्हणाले. "सुधीराची हत्यारां हय नाय, म्हणान तो गेल्या चतुर्थीक गेलो. हय असली तर हयसरच काम करीत, चार दीस जास्त ऱ्हवात."

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीडी हातात दिली, तेव्हा मी विचारलं, "आणि कौल मोडलात त्याचं काय?"

काकांनी सीडी धोतराच्या सोग्याने पुसून पिशवीत ठेवली.

"देवाक नारळ ठेवतंय. पण त्येका काय कळतला, मास्तरा? त्येचो झील काय पुण्याक नाय."