तुकोमामाचा काळा कोट

रविवारी कोर्ट बंद असतं, तेव्हा त्याचा हुकूमही बंद असणार, असं धरून मी रविवारी कुंपण घातलं.

झऱ्याकडच्या वाटेवरून माझा आणि चुलतभाऊ परशाचा दावा चालू होता. निकाल लागेपर्यंत वाट अडवायची नाही, असा मनाई हुकूम होता. परशानं फोटो काढून कोर्टात दिले. हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात का टाकू नये, अशी मला नोटीस आली. ती घेऊन मी तुकोमामाकडं पळालो.

तुकोमामा दिग्गी गावाकडचा. वीस वर्षं त्यानं एका वकिलांचे गठ्ठे वाहिले. वकील वारले, त्यांच्या बायकोनं त्यांचा काळा कोट मामाला दिला. तेव्हापासून कर्नाटकातल्या आमच्या जोयड्यात कचेरीसमोरच्या फणसाखाली मामा कोट घालून बसतो, भर मे महिन्यातसुद्धा. कोट एवढा ढगळ की लिहायच्या आधी बाहीतून हात शोधून काढावा लागतो. लोकांच्या कन्नड नोटिसा मराठीत सांगायच्या, अर्ज लिहायचे, घ्यायची फार तर एखादी काकडी. तोंडात एकच वाक्य, "कलम हाय तेला!" म्हैस आटली, कलम हाय. जावई रुसला, कलम हाय.

माझी नोटीस त्यानं तीनदा वाचली. "रविवारी घातलंस व्हय? तुज्या डोस्क्याला मात्र कलम न्हाई रं."

तरी त्यानं माफीचा अर्ज लिहून दिला. लिहिणारा म्हणून खाली स्वतःचं नाव घातलं. मी घरी गेलो आणि वजन पडावं म्हणून त्या नावापुढं 'वकील' असं लिहून टाकलं.

तारखेला न्यायाधीशांनी अर्ज वाचला. "हे वकील कोण?"

मामा उभा राहिला.

"सनद आहे?"

"न्हाई, सायेब."

"सनद नसताना वकील म्हणवून घेणं गुन्हा आहे, माहीत आहे? आधी तो कोट उतरवा."

मामानं अर्जाकडं बघितलं. मग माझ्याकडं. कोट काढून माझ्या हातात दिला. आत उसवलेला बनियन आणि काटकुळे दंड. मला तो एकदम म्हातारा दिसला.

कोटाच्या खिशात कागद कुरकुरला. चुलीच्या धुरानं काळवंडलेली जुनी कन्नड नोटीस. कन्नड अक्षरं मला जेमतेम लागतात, पण नाव कळलं, मामाच्या बापाचं.

मी तोंड उघडलं. "सायेब, 'वकील' हे त्येंनी न्हाई, मी लिवलंय."

कोर्टात हशा पिकला. परशा सगळ्यात जोरात. न्यायाधीश हसले नाहीत. संध्याकाळच्या आत कुंपण काढायचं, नव्यानं लेखी माफी द्यायची. मामानं पुन्हा कोट घालायचा नाही. एवढ्यावर सुटलो.

खुंट उपटायला मामाही आला. मी त्या नोटिशीचं विचारलं.

"बानं कुडाला खोचून ठिवली व्हती," तो खुंट हलवत म्हणाला. "घरात वाचणारं कोन न्हवतं. तारीख गेली, शेत गेलं. बा मरंपर्यंत म्हनायचा, सरकारचं पत्र आलंय, कायतरी चांगलंच आसंल."

दुसऱ्या दिवशी मामा सदऱ्यावर फणसाखाली हजर. आता नोटीस वाचतो आणि माणसाला दंडाला धरून गरिबांना कोर्टाकडून फुकट मिळणाऱ्या वकिलाच्या दारापर्यंत पोचवतो. आत पाऊल टाकत नाही. बाहेर उभा राहतो, माणूस परत येईपर्यंत.

मला राहवलं नाही. "मामा, कोटाबिगर चुकल्यावानी वाटत आसंल न्हवं?"

"कोटाचं ऱ्हाऊ दे," मामा म्हणाला. "तू रविवारचा घरातनं भाईर पडू नगंस."