नोंदणीकृत पोटदुखी

आमच्या कंपनीत पोट दुखायला पूर्ण परवानगी आहे. फक्त ते कशामुळे दुखते आहे, याचे कारण सकाळी आठच्या आत पोर्टलवर नोंदवावे लागते. कंपनी जबल अलीत आहे आणि तिची चार मोठी गोदामे आहेत. नाव सांगत नाही, कारण नाव सांगण्यासाठी वेगळी मंजुरी लागते, आणि ती देणारा माणूस मीच असल्याने मला माझ्याकडेच अर्ज करावा लागेल. मी सुजीत, एचआरमध्ये आहे. लक्षण-कारण पोर्टल माझ्या देखरेखीखाली चालते, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पोर्टलवर दोन याद्या होत्या. यादी एक प्रौढांसाठी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी. यादी दोन बालकांसाठी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, कारण मूल आजारी पडले की आईबाप रजा मागतात. लक्षण निवडायचे, खालच्या प्रश्नांना हो-नाही करायचे, की पोर्टल कारण सांगते आणि त्याचा क्रमांक देते. हा क्रमांक असल्याशिवाय क्लिनिकमध्ये तपासणी होत नाही. तपासल्याशिवाय कारण कसे कळणार, असा काही जणांचा आक्षेप होता. आक्षेपाचा फॉर्म वेगळा आहे.

कारण क्रमांकाशिवाय घेतलेली रजा म्हणजे विनाकारण गैरहजेरी. वर्षात अशा तीन झाल्या की कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत नाही. कॉन्ट्रॅक्ट गेले की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की घर, शाळा, गाडी सगळे आवरून घरी परतावे लागते. त्यामुळे आमच्याकडे माणसे सहसा ठरवून आजारी पडतात.

हेमचंद्र मात्र न ठरवता पडला. वय चव्वेचाळीस, डिस्पॅच सुपरवायझर, मूळचा पुण्याचा. डिस्कव्हरी गार्डन्सला माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. बायको सुनेत्रा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका ऑफिसात, मुलगा निखिल चौथीत. एकोणीस वर्षे दुबईत काढलेला हा माणूस लागोपाठ तीन सोमवार घरी राहिला आणि मंगळवारी तोंड पाडून माझ्यासमोर येऊन बसला.

"सुजीत, पोट दुखतं रे. पहाटे साडेपाचला सुरू होतं. दहा वाजता एकदम खलास, जसं काही झालंच नाही."

"कारण काय?"

"ते माहीत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

आम्ही यादी एक उघडली. जेवणानंतर दुखते का? नाही. मद्यपान करता का? नाही. उजव्या बाजूला खाली दुखते का? नाही. जळजळ? नाही. यापूर्वी मुतखडा झाला आहे का? नाही. अठ्ठावीस प्रश्न झाल्यावर पोर्टलने निष्कर्ष दिला : दिलेल्या उत्तरांनुसार आपले पोट दुखत नाही.

"अरे पण दुखतंय ना!"

"हेमचंद्र, तू तुझं मत सांगतोयस. हे कंपनीचं मत आहे."

तीन सोमवार, तीन विनाकारण गैरहजेऱ्या. त्याचे कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होते. निखिलची ॲडमिशन, सुनेत्राची नोकरी, गावाकडे आईवडिलांना दर महिन्याला जाणारे पैसे, हे सगळे मला माहीत होते आणि मला खरोखर वाईट वाटले. वाईट वाटले तर काय करावे याचेही सर्क्युलर आहे, पण ते अजून मंजूर झालेले नाही. म्हणून मी सहज, काही तरी करायचे म्हणून, यादी दोन उघडली.

आणि तिथे ते होते. शब्दाला शब्द.

लक्षण : पोट दुखणे. सकाळी दुखते का? हो. शाळेच्या दिवशी दुखते का? मी 'शाळा' या शब्दाच्या जागी मनातल्या मनात 'ऑफिस' वाचले. हो. शनिवार-रविवारी दुखते का? नाही. शाळेची वेळ टळली की आपोआप थांबते का? हो! संभाव्य कारण : शाळेची भीती. क्रमांक दोन-सतरा. हिरवी खूण.

"हे मुलांचं आहे," हेमचंद्र म्हणाला.

"लक्षण तुझं आहे. यादी कुणाची का असेना."

जन्मतारखेला पोर्टल थोडे अडले, पण 'यादीनुसार गृहीत धरावे' असा पर्याय होता. पालकाचे नाव विचारले. मी सुनेत्राचे टाकले. मागच्या तारखांची नोंद एचआरला करता येते, त्यामुळे गेल्या तिन्ही सोमवारांना क्रमांक मिळाला. हेमचंद्रने माझा हात हातात घेतला. त्याच्या पुढे काय वाढून ठेवले होते, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

बालकाची नोंद झाली की पोर्टल आपोआप बालरोगतज्ज्ञाची वेळ घेते. बुधवारी सुनेत्रा त्याला घेऊन डॉ. यम्नांकडे गेली. ती नंतर मला सगळे सांगत होती आणि हसावे की रडावे हे तिचे ठरत नव्हते. भिंतीवर मासे, खाली गुडघ्याएवढ्या खुर्च्या. हेमचंद्र त्यातल्या एका पिवळ्या खुर्चीवर बसला. डॉक्टरबाईंनी फाइल पाहिली, हेमचंद्रला पाहिले, पुन्हा फाइल पाहिली. फाइलवर क्रमांक होता. मग त्या सुनेत्राकडे वळल्या.

"खाना ठीक से खाता है?"

"डबा परत आणतो," सुनेत्रा म्हणाली. "मतलब, टिफिन वापस लाता है. सोमवार को तो पूरा."

"नींद?"

"संडे रात को बिलकुल नहीं."

मग डॉक्टरबाई खाली वाकल्या आणि हेमचंद्रच्या डोळ्यांत पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, वहाँ कोई डाँटता है क्या?"

यादी एकमध्ये हा प्रश्न नाही. मी तपासून पाहिले आहे. एकोणीस वर्षांत हेमचंद्रला हे कोणी विचारले नव्हते, सुनेत्रानेसुद्धा नाही. तो आधी "नहीं नहीं" म्हणाला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. दर सोमवारी साडेआठला मीटिंग असते. फरदीन सर उशिरा निघालेल्या कंटेनरची यादी वाचतात. ज्याचा कंटेनर, त्याला सगळ्यांसमोर उभे करतात आणि मीटिंग संपेपर्यंत तसेच ठेवतात. कंटेनर पोर्टवरच अडकलेला असला तरीही. सांगता सांगता तो रडू लागला. सुनेत्राने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आले.

डॉक्टरबाईंनी लिहून दिले : दुखणे खरे आहे असे समजून वागावे. पहिला आठवडा अर्धा दिवस पाठवावे. ओळखीचे कोणी तरी शेजारी बसावे. वर्गशिक्षकांशी पालकांनी बोलावे. निघताना हेमचंद्रला एक स्टिकर दिला, त्यावर सिंह होता.

एचआरचे काम अंमलबजावणीचे. वर्गशिक्षक म्हणजे लाइन मॅनेजर, असा अर्थ मी लावला. गुरुवारी फरदीन सरांना पालकसभेचे बोलावणे गेले. फरदीन सर मूळचे रत्नागिरीचे, आवाज असा की गोदाम दोनमध्ये बोलले तर गोदाम चारमध्ये लोक उभे राहतात.

"मॅडम, आपके मिस्टर..."

"मिस्टर नंतर," सुनेत्रा म्हणाली. "आत्ता मी पालक म्हणून आलेय. माझ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करायचं नाही."

"लेकिन कंटेनर लेट..."

"तो बाजूला घेऊन सांगा. नीट सांगितलं की त्याला कळतं."

फरदीन सरांनी माझ्याकडे पाहिले. मी क्रमांक दाखवला. क्रमांकापुढे कोणाचे काही चालत नाही. पुढच्या सोमवारी कोणालाही उभे केले नाही आणि हेमचंद्रचे पोट दुखले नाही.

गोष्ट इथे संपली असती, पण हेमचंद्रची बालक म्हणून नोंद झाल्याची माझी ईमेल नियमाप्रमाणे सगळ्या विभागांना गेली होती, सुरक्षा विभागालाही. फोर्कलिफ्टच्या पट्ट्यात बालकांना प्रवेश नाही, म्हणून डिस्पॅच सुपरवायझरला डिस्पॅचमध्ये जायला बंदी झाली. तो काचेआडून हातवारे करून माल पाठवू लागला. वाहतूक विभागाने कळवले की बालकाला पालकाच्या ताब्यात दिल्याशिवाय बसमधून उतरवता येणार नाही. संध्याकाळी सुनेत्रा ऑफिसातून लवकर निघून स्टॉपवर उभी राहायची, सही करायची आणि त्याला उतरवून घ्यायची. एके दिवशी ती ट्रॅफिकमध्ये अडकली तर ड्रायव्हरने हेमचंद्रला परत जबल अलीला नेले. कँटीनमध्ये त्याला अर्धा डोस, म्हणजे अर्धी थाळी मिळू लागली, पण दूध मोफत.

आणि तरीही तो खूश होता. हेच लोकांच्या डोळ्यांवर आले.

आधी गोदाम तीनचा अर्सलान आला. "सर, मैं नींद में चिल्लाता हूँ." यादी दोनमध्ये होते. मग अकाउंट्सची एमान आली, ऑडिट जवळ आले की हातांना घाम सुटतो म्हणून. 'परीक्षेची भीती' निघाली. कोणी जेवताना बोलत नव्हता, कोणी निघताना दारातून तीनदा परत येत होता, कोणी घरी जाऊन विनाकारण भांडत होता. सगळ्यांच्या पोटात, डोक्यात, छातीत काही ना काही होतेच, आणि यादी एकने सगळ्यांना तुम्हाला काही होत नाही असे सांगितले होते. महिनाभरात दोनशे तीस कर्मचाऱ्यांपैकी दोनशे अकरा यादी दोनमध्ये गेले. संध्याकाळी गेटबाहेर पालकांची एवढी गर्दी व्हायची की त्यासाठी एक गार्ड नेमावा लागला.

दोनशे बारावे फरदीन सर. ते दार लावून आत आले आणि त्यांनी दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. नखे मुळापर्यंत खाल्लेली होती.

"सुजीत, माझं काय निघतं बघ जरा. संडेला हेड ऑफिसचा व्हिडिओ कॉल असतो. मला कॅमेऱ्यासमोर उभं ठेवतात रे."

पालक म्हणून त्यांनी रत्नागिरीच्या अम्मींचा नंबर दिला. डॉ. यम्नांनी फोन लावला तेव्हा अम्मी म्हणाल्या, "वो बचपन से ही नाज़ुक है जी. लोगां को पता नहीं चलता."

महिनाअखेरीचा अहवाल मी नेहमीप्रमाणे हेड ऑफिसला पाठवला. प्रौढ अठरा. त्यांतले सात वार्षिक रजेवर. उरलेल्या अकरा प्रौढांच्या भरवशावर दोनशे बारा बालके चार गोदामे चालवत आहेत, असे त्यातून दिसत होते, आणि बालकांना कामाला ठेवणे कायद्यात बसत नाही. हेड ऑफिसने दोन दिवस विचार केला. इतक्या लोकांना एकाच प्रकारचे दुखत असेल तर दोष कुठे आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. दोष यादीत होता.

यादी दोन बंद करण्यात आली. सर्क्युलरमध्ये म्हटले होते की यापुढे वयावरून भेदभाव न करता कर्मचारी आणि त्यांची मुले या सर्वांनी यादी एकच वापरावी. यादी दोनमधली लक्षणे आता अस्तित्वात नसल्यामुळे दोनशे बारा रुग्ण त्याच दुपारी बरे झाले. इतक्या कमी वेळात इतके लोक बरे केल्याबद्दल मला प्रमाणपत्र मिळाले. सोमवारची मीटिंग पूर्ववत सुरू झाली.

हेमचंद्रच्या तिन्ही सोमवारचे क्रमांक मात्र बंद होण्याआधीचे असल्याने वैध ठरले. त्याचे कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांसाठी रिन्यू झाले. त्याने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. पोटाचे विचारले तर म्हणाला, "सहन होतं रे आता. दोन वर्षांची तर निश्चिंती झाली ना."

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी आम्ही दोघे बिल्डिंगखाली कंपनीच्या बसची वाट पाहत होतो. शेजारी निखिल, त्याच्या शाळेच्या बससाठी. पाठीवर दप्तर, दोन्ही हात पोटावर.

"बाबा, माय स्टमक इज हर्टिंग."

"कधीपासून?"

"एव्हरी मंडे. ऑन वीकेंड्स इट्स फाइन." तो जमिनीकडे बघत होता.

हेमचंद्रने माझ्याकडे पाहिले. मी फोन काढला आणि पोर्टल उघडले. यादी एकच होती. "जेवणानंतर दुखतं का रे?" नो. धूम्रपान? मी स्वतःच नाही टाकले. उजवीकडे खाली? नो. मुतखडा? निखिलला तो शब्दच कळला नाही. अठ्ठावीस प्रश्न झाले. मी स्क्रीन हेमचंद्रला दाखवला.

त्याने तो वाचला. क्षणभर तो मुलासमोर खाली वाकला, आणि मला वाटले तो आता काहीतरी विचारणार. निखिललाही तसे वाटले असावे, कारण त्याने मान वर केली. तेवढ्यात शाळेची बस आली आणि तिच्या मागोमाग आमची. हेमचंद्रने त्याच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

"काही दुखत नाहीये. नाटकं पुरे. यल्ला, चढ."

निखिल चढला. खिडकीतून त्याने हात हलवला नाही.

हे वाचून तुम्हाला हेमचंद्रचा राग आला असेल. येऊ द्या. पण तुमच्या घरातले लहान माणूस शेवटचे केव्हा शाळेच्या वेळी पोट धरून उभे होते, ते आठवून पाहा. आम्ही निदान अठ्ठावीस प्रश्न विचारले होते. तुम्ही एकही न विचारता उत्तर दिले होते.