विश्रामदादाची उंची

माझा मावसभाऊ विश्रामदादा आमच्याकडे कधीच आत बसून जेवला नाही. ताट घेऊन भर उन्हात खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात जायचा आणि शेजारी आपलं जीपीएस ठेवायचा. "गो मावशे, कौलांखाली सॅटेलाइटा गावनत नाय." मग आई त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहायची. माझ्या डोक्यावर तिनं शेवटची छत्री धरली, तेव्हा मी दुसरीत होतो.

दादा पुण्यात बँकेत होता आणि रविवारी फ्लाइंग क्लबचं दोन माणसांचं विमान उडवायचा. त्या मुठीएवढ्या यंत्राच्या पडद्यावर नकाशा असे आणि नकाशावर एक इवलंसं विमान, म्हणजे दादा. "आधी कागदाचो नकाशो मांडयेर पसरूचो लागा. आता ह्या बघ, आपण खंय आसो ता आपसूक दिसता." मासळीबाजार कुठे, असं विचारलं तरी तो अंशात सांगे आणि माझी बायको ते टिपून घेई. मी इतकी वर्षं 'वडाकडून डावीकडे' सांगत आलोय, ते कोणी टिपलं नाही.

माझी स्वतःची सर्वोच्च उंची म्हणजे शेजाऱ्याचा माड. तिथूनही मला चौघांनी उतरवलं.

आकाशात लहानसं विमान घरघरलं की आई खळ्यात धावे आणि दोन्ही हात हलवी. "माझो विश्राम गेलो."

मागच्या खेपेला दादा न्हाणीघरात असताना मी त्या यंत्राची बटणं दाबली. त्यात त्याचे सगळे प्रवास नोंदलेले होते. गेल्या दोन वर्षांत वेग एकदाही ताशी सत्तर किलोमीटरच्या वर गेला नव्हता. एवढ्याशा वेगानं विमान उडत नाही, एसटी मात्र जाते. मला इतका आनंद झाला की मी दादाला गरम पाण्याची आणखी एक बादली नेऊन दिली.

आईला तेव्हाच सांगणार होतो. पण त्याच्याच तोंडून वदवावं म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो परत निघाला. मला कोल्हापुरात काम होतं, तेव्हा त्याच एसटीत चढलो आणि मुद्दाम खिडकी पकडली. फोंडाघाटचा बाजार मागे पडल्यावर विचारलं, "दादा, शेवटचं विमान कधी उडवलंस?"

तो शर्टाच्या टोकानं पडदा पुसत राहिला. "उजव्या डोळ्यान दगो दिल्यान रे. दोन वर्सा झाली." मग हळूच म्हणाला, "मावशेक सांगू नको. ती विमानाक हात करता मा."

गाडी घाट चढायला लागली. मी उठलो, त्याला खिडकीशी बसवलं. त्यानं यंत्र काचेला टेकवलं.

"उंची किती झाली?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"नऊशे फूट." थोड्या वेळानं, न विचारता, "बाराशे. अजून चढतोव."

पुढच्या आठवड्यात आमच्या माडांवरून एक विमान घरघरत गेलं. आई खळ्यात धावली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि हात वर केला. एकच, तोही अर्धा.