सगळ्यात कमी आवाजाची गिटार

गोंदियाच्या बाजारात वाद्यांच्या दुकानात शिरून "सगळ्यात कमी आवाज करणारी गिटार दाखवा" असं म्हणणारी दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही. दुकानदार गडबडला. त्याच्याकडे येणारी पोरं नेमकं उलटं मागतात. "कम आवाज वाली मतलब, माताजी?" असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी कंटाळून म्हणाला, ही इलेक्ट्रिक गिटार घ्या आणि वायरच लावू नका, बाजूच्या खोलीतही कळणार नाही. तो चेष्टा करत होता. आमच्या शेजारच्या टेंभरे वहिनींनी मात्र गिटार उचलली, तार छेडली, कान जवळ नेऊन ऐकली आणि पसंत केली. सोबतचा स्पीकर नको म्हणाल्या. सेट आहे, गिटार वेगळी मिळत नाही, असं कळल्यावर नाइलाजाने तोही घेतला. पुढे त्या स्पीकरच्या खोक्यावर आवळ्याच्या लोणच्याची बरणी राहायला आली.

हे मला माहीत, कारण वहिनींना घेऊन मीच गेलो होतो. माझ्या स्कूटरवर मागे बसून, गिटार मांडीवर आडवी धरून त्या कुडव्यापर्यंत आल्या. वाटेत गिटारची मान दोन ई-रिक्षांना आणि एका भाजीवाल्याला लागली. तिघांनीही शिव्या मला दिल्या.

कुडव्यात आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे. मी शाळामास्तर, त्यातून आवाज जन्मापासून मोठा. टेंभरेभाऊ मालगाडीचे गार्ड. रात्रभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून जायचं आणि दिवसा घरी येऊन झोपायचं, हेच त्यांचं आयुष्य. त्यामुळे वहिनींशी माझी पहिली ओळख त्यांच्या बोटाने झाली. मी नवीन घरात सामान लावत होतो, खिळा ठोकायला हातोडी उचलली आणि दारात एक बाई उभी दिसली, ओठांवर बोट ठेवून. "हळू, मास्तर. हे झोपून राहिले."

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की आमच्या घरातही तेच चालू झालं. वहिनींच्या दारावरच्या घंटीची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने कापली होती. कुकरची शिट्टी व्हायच्या आत त्या चिमट्याने ती उचलून धरायच्या. ड्युटीचा फोन यायचा तो गोधडीत गुंडाळलेला असायचा आणि थरथरला की त्यांनाच कळायचा. भाजीवाला आमच्या गल्लीत शिरला की मुका व्हायचा आणि नुसती दुधी वर धरून दाखवायचा. त्यांच्याकडे जाणारा माणूस पायरीवरच चपला काढून हातात घ्यायचा, फरशीवर त्यांचा आवाज नको म्हणून. टेंभरेभाऊंच्या सासऱ्यांनाही यातून सूट नव्हती.

अशा घरात गिटार कशाला, हे मी विचारलं. तेव्हा त्यांची सोनू लग्न होऊन रायपूरला गेली होती आणि दुपारी घरात वहिनी, झोपलेले भाऊ आणि घड्याळ एवढंच उरलं होतं. घड्याळही टिकटिक करत नाही असं शोधून आणलेलं. वहिनींनी सांगितलं, की लहानपणी कामठ्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, एक ऑर्केस्ट्रा आला होता. सगळे गाणाऱ्या बाईकडे बघत होते आणि वहिनी गिटारवाल्याच्या हाताकडे. "त्याचे बोटं कसे चालून राहिले होते, मास्तर. मले वाटलं, आपल्या बोटाईले बी एवढं यायला पाहिजे." ते वाटणं त्यांनी धानाच्या रोवण्यात, लग्नात, बाळंतपणात जपलं आणि पन्नाशी उलटल्यावर बाहेर काढलं.

शिकायला गुरू नव्हता. मोबाइलवर धडे पाहायच्या, तेही आवाज बंद करून. मी म्हटलं, कानात इअरफोन घाला. तर म्हणाल्या, कान भरले तर हे उठलेले कसे कळतील? म्हणजे धडा मुका, गिटार मुकी, आणि वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून, शिकवणाऱ्याची बोटं जिथे पडतात तिथे आपली बोटं ठेवताहेत. तारा जुळवाव्या लागतात हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं. त्यांनी गिटार डोळ्यांनी शिकली. बोटांना फोड आले, त्यांवर तेल-हळद लावली, फोड जाऊन घट्टे पडले, तेव्हा परसातल्या भिंतीवरून हात पुढे करून मला दाखवले. सोनूचा पहिला नंबर आला तेव्हाही त्यांचा चेहरा एवढा उजळला नव्हता.

मागच्या वर्षी भाऊ रिटायर झाले आणि त्यांची झोप गेली.

आधी आम्ही हसलो. आयुष्यभर दिवसा झोपलेला माणूस, शरीराला सवय व्हायला वेळ लागणारच. पण महिने गेले तरी ना रात्री डोळा लागे ना दिवसा. भाऊ मूळचे सालेकशाकडचे, जंगलात वाढलेले, दणकट. ते वाळत चालले. बोलता बोलता नाव विसरायचे. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या घेऊन न्हाणीत चक्कर येऊन पडले आणि कपाळाला टाके पडले. झोपेवाचून माणूस असा संपत जातो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला भीती वाटली.

वहिनींना एकच औषध माहीत होतं. त्यांनी घर आणखी गप्प केलं. पंख्याची कुरकुर होते म्हणून पंखा बंद. मांजराला हाकललं. शेवटी एक दिवस गिटार जुन्या साडीत बांधून माळ्यावर टाकली. मी म्हटलं, अहो, तिचा कुठे आवाज येतो? "बोट सरकलं का तार चर्र करते," त्या म्हणाल्या. "मले ऐकू येते, मंग त्यायले बी येत असन." घट्टे पडलेली ती बोटं आता नुसती पदराशी खेळत बसायची. त्यांच्याकडे बघवत नसे.

मग गल्लीतल्या बोपच्यांच्या पोराचं लग्न आलं. दुपारी वरात गल्लीत शिरली, पुढे धुमाल. ज्यांनी धुमाल ऐकला नसेल त्यांना एवढंच सांगतो, की गाडीवर बांधलेले ढोल आणि भोंगे समोरून गेले की कपाटातली भांडी आपोआप वाजतात. वहिनी धावत बाहेर आल्या आणि गाडीसमोर उभ्या राहून ओठांवर बोट ठेवलं. वाजवणाऱ्यांना वाटलं, बाई नाचायला आली. त्यांनी आणखी जोर लावला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना हाताला धरून आत नेलं, म्हटलं, आधी भाऊंना बघू.

भाऊ मागच्या पडवीत आरामखुर्चीत होते. मान एका बाजूला, तोंड उघडं, छातीवर पेपर. श्वासाबरोबर पेपर वरखाली होत होता. बाहेर भिंती हादरत होत्या आणि हा माणूस गाढ झोपला होता.

वहिनी चौकट धरून उभ्या राहिल्या. आम्ही दोघंही हललो नाही. वरात हळूहळू मोठ्या रस्त्याकडे वळली, आवाज पातळ झाला, आणि भाऊंनी डोळे उघडले.

"काऊन बंद झाला?" त्यांनी विचारलं.

"तुमाले आवाजात झोप लागते?" वहिनींचा आवाज मला ओळखू आला नाही.

भाऊंनी छातीवरचा पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग सांगायला लागले. परगावच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, खिडकीखाली रात्रंदिवस शंटिंग चालायचं, डबे एकमेकांवर आदळायचे, त्यातच त्यांना झोप लागायची. घरी यायचे तेव्हा इतके थकलेले असायचे की कुठेही लागली असती. आता थकवा राहिला नाही, आणि घर असं गप्प असतं की कानात शिट्टी वाजत राहते.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू एवढी जपून राहिली होती," भाऊ म्हणाले. "कसं सांगू?"

वहिनी आत गेल्या. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. सगळी उमर ज्या शांततेला वाहिली ती कुणाला नकोच होती, हे असं एका दुपारी कळणं सोपं नाही. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली. माझी बायको हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत ती शिट्टी आम्ही कधी ऐकली नव्हती.

त्यानंतर आठवडाभर वहिनी दिसल्या नाहीत. मग एका दुपारी त्यांनी मला स्पीकर जोडायला बोलावलं. माळ्यावरची गिटार त्यांनी साडीतून सोडवून ठेवली होती. लोणच्याची बरणी खाली उतरवली, खोकं उघडलं, वायर लावली. मी आवाजाची कळ जरा फिरवली. वहिनींनी ती पूर्ण फिरवली आणि पहिली तार छेडली.

काय सांगू. एकही तार दुसरीशी बोलत नव्हती. यार्डात डबे आदळावेत तसा तो आवाज होता. गल्लीतली कुत्री उठली. वहिनी स्वतःही दचकल्या, कारण आपल्या बोटांतून काय निघतं हे त्या इतक्या वर्षांत प्रथमच मोठ्याने ऐकत होत्या. पण थांबल्या नाहीत. बोटं मात्र बरोबर चालत होती, एकामागून एक, त्या मंडईतल्या माणसासारखी. भाऊ पलंगावर आडवे झाले होते. त्यांनी एकदा कूस बदलली, आणि थोड्या वेळाने घोरायला लागले.

मला राहवलं नाही. मी आपल्या मास्तरी आवाजात म्हणालो, "वहिनी, जमलं की."

त्यांनी उजवा हात तारांवरून उचलला. तारा अजून घुमत होत्या, खिडकीची काच थरथरत होती. ओठांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हळू, मास्तर. हे झोपून राहिले."

आणि लगेच पुन्हा वाजवायला लागल्या. मी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता पायऱ्या उतरलो.